फळक्यावरची टकटक

ऐका. दारातनं जरा आत सरका, वारा येतोय. आणि मधे मधे हुंकार द्या. हुंकार थांबला की मला वाटतं, मी भिंतीलाच सांगत बसले आहे.

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या भावाची आहे, दौलूदादाची. त्या रात्री तो माझ्याच हातची भाकरी खाऊन निघाला होता.

दादाकडे एक जुना ट्रक होता. नाकाड पुढं आलेलं, दार दोरीनं बांधलेलं. गुळाच्या ढेपा भरायच्या, घाट उतरायचा, खाली कोकणात पोचवायच्या, हे त्याचं काम. दादा तोंडाचा फटकळ, त्यामुळं क्लीनर काही टिकेना. शेवटी त्याची बायकोच गाडीत बसायला लागली. सगुणावहिनी. पोटी मूल नव्हतं, घरी एकटीनं बसून काय करायचं? गावातल्या बाया हसायच्या. आल्या बघा क्लीनरीणबाई, म्हणायच्या. ती पण हसायची, आणि पदर खोचून चाकाला दगड लावायची.

त्या गाडीचे दिवे भारी लहरी. आज हा गेला, उद्या तो. आता गाडीचे दिवे बघायचे म्हणजे दोन माणसं लागतात. एक आत फ्यूजपाशी वाकलेला, दुसरा बाहेर दिव्यापाशी उभा. आतला विचारतो, लागला का? बाहेरचा सांगतो. पण वहिनी जुन्या वळणाची. चार ड्रायव्हरांच्या देखत नवऱ्याला ओरडून सांगायचं तिच्या जिवावर यायचं. म्हणून ती गाडीच्या लाकडी फळक्यावर बोटानं ठोकायची. लागला तर एकदा. नाही लागला तर दोनदा. आणि गाडी मागंपुढं घ्यायची असली की तळहातानं सावकाश थापा मारत राहायची. थाप. थाप. म्हणजे ये, ये, जागा आहे. बारा वर्षं त्या दोघांचा संसार त्या फळक्यावर चालला म्हणा ना.

मग एका भादव्यात ती तापानं गेली. तीन दिवसांत गेली.

पुढच्या वर्षीची गोष्ट. दिवाळी आठ दिवसांवर. दिवेलागणीला दादा माझ्या दारात आला, गाडी भरलेली, पुढचे दिवे काजव्यासारखे. मी म्हटलं, आजची रात्र राहा. तर म्हणाला, ज्याच्या घरात कुणी न्हाई त्याला दिवस काय आणि रात्र काय. म्हटलं, मग नव्या रस्त्यानं तरी जा. नको म्हणाला. असल्या दिव्यांनी समोरून गाडी आली तर पंचाईत, जुन्या खिंडीनं जातो, तिकडं कुत्रं फिरकत नाही.

कुत्रं का फिरकत नाही, ते त्याला माहीत नव्हतं का? होतं. त्या खिंडीत चकवा आहे, आमच्या आजीपासून सगळे सांगायचे. पण विधुर माणसाला कोण काय सांगणार?

तर खिंडीच्या तोंडाशी आला. आणि दिवे गेले. सगळे गेले. पुढचे, मागचे, एकदम.

दादानं गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. भोंगा दाबून बघितला, भोंगा वाजला. म्हणजे बॅटरीत जीव आहे. टॉर्च दातात धरून फ्यूजपाशी वाकला. टॉर्चचे सेल उतरलेले, मिणमिण नुसती. फ्यूजला हिरवट गंज चढलेला. चाकूनं खरवडला, परत बसवला. आणि सवयीनं, बघा, नुसत्या सवयीनं तोंडातून गेलं, "लागला का गं?"

मागनं आलं. टक टक.

दादा म्हणायचा, तानू, अंगावर काटा न्हाई आला मला. घरी आल्यागत वाटलं.

त्यानं फ्यूज आणखी दाबला. परत विचारलं. टक. आरशात बघतो तर मागं लाल उजेड पडलेला. खरंच लागले होते मागचे दिवे. अजून कुणी हुंकार द्या रे.

राहिले पुढचे. दादा उतरला. मागं वळून बघितलं नाही. का, तर बघितलं आणि नसली तर? दिव्यापाशी गेला. त्याच्याकडं दोन वायरी जोडलेला एक बल्ब असायचा. एक टोक दिव्याच्या वायरीला लावलं, दुसरं उघड्या लोखंडाला. बल्ब भक्कन पेटला. म्हणजे करंट दिव्यापर्यंत येतोय. मग खोट अर्थिंगला. दोन्ही दिव्यांची अर्थिंगची वायर मडगार्डाच्या आत एकाच नटाला होती. त्यानं हात घातला. नट ढिला, खाली गंज. पान्याचे दोन फेरे दिले की लख्ख दिवे. वीस वर्षांचा ड्रायव्हर तो, त्याला कळलं नाही असं नाही.

पण त्यानं नट आवळला नाही.

का? अरे, दिवा लागला की विचारायचं काय उरलं?

पाना खिशात घातला आणि आत जाऊन बसला. अंधारात बसला आणि विचारत राहिला. लागला का गं? टक टक. लागला का? टक टक. टॉर्चही विझवली. पहिल्यांदा टकटक मागनं येत होती. मग डाव्या बाजूच्या फळक्यावरनं आली. मग दारावर, त्याच्या कोपराजवळ. तो बोलत राहिला. घराची कौलं बदलली म्हणून सांगितलं. तुझी शेळी तानूकडं दिली म्हणून सांगितलं. ती ठोकत राहिली.

मग आवाज पुढं गेला. बंपरावर. आणि टकटक थांबून थापा सुरू झाल्या. थाप. थाप. ये. ये. जागा आहे.

दादानं ब्रेक सोडला. इंजिन बंदच. उताराला गाडी आपोआप सरकायला लागली. समोर डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख, आणि हा थापांच्या मागं चाललाय. थापा जोरात यायला लागल्या. गाडीला वेग आला. थाप थाप थाप थाप. चाकाखालची खडी संपून गवत लागलं तरी ह्याचं भान नाही.

आणि एकदम त्याच्या मनात आलं, ही पुढं चालतेय. चाकापुढं. मला तर दिसत नाही.

त्यानं दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. ढेपा धडधड पुढं आल्या. म्हणाला, "थांब. चाकाखाली येशील. तू दिसत न्हाईस मला."

थापा थांबेनात. बंपरावर नुसता धिंगाणा. चल, चल, चल. दादा उतरला. चाचपत मडगार्डापाशी गेला, आत हात घातला. तशा त्या थापा बॉनेटवर आल्या, त्याच्या कानाशी. पाना दोनदा सटकला. भीतीनं नाही हो. तोंड दिसेल म्हणून. वर्षभर न दिसलेलं तोंड दिसेल म्हणून. नट आवळला.

दिवे लागले. लख्ख लागले.

आणि तो उजेड कशावर पडलाच नाही. रस्ता नाही, झाड नाही, बाई नाही. नुसता पोकळीत गेला. पावसाळ्यात रस्ता तुटून दरीत गेलेला, आणि पुढचं चाक तुटल्या काठापासून वीतभर.

दिवे डोळ्यापुढं पेटलेले दिसत होते. तरी त्यानं विचारलं. लागला का गं? दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. काही नाही. रातकिडे तेवढे.

चाकांना दगड लावून तो उजाडेपर्यंत बसला. सकाळी खिंडीवरच्या धनगरांनी दोर लावून गाडी मागं ओढली. दुपारी माझ्या दारात उभा. सगळं सांगितलं आणि म्हणाला, "तानू, उजेड केला नसता तर?"

मी चिडले. म्हटलं, "गुळासकट दरीत गेला असतास. ती वहिनी नव्हती, दादा. वहिनी तुला दरीत बोलावेल का?"

तो मग म्हणाला, "न्हाई बोलवायची. पण ठोकायची तिचीच रीत व्हती गं."

तो सतरा वर्षं जगला पुढं. खिंडीकडं परत गेला नाही, मीच शपथ घातली होती. पण ती शपथ पाळणं त्याला किती जड जात होतं, ते मला दिसायचं.

म्हणून सांगते, जुन्या खिंडीनं जाऊ नका. ज्याचं कुणी माणूस गेलंय त्यानं तर दिवसासुद्धा जाऊ नये. ज्याचं कुणीच गेलेलं नाही, त्यानं खुशाल जावं. आहे का तसा कुणी तुमच्यात? करा हात वर.

बघा. मग नव्या रस्त्यानं जात जा. लांब पडला तरी.