वच्छीच्या अंगणातली फुगडी

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे! शेजाऱ्याकडे जे आहे ते आपल्याकडे नसलं, की पोटात दुखतं. दुखतं ना? खरं सांगा, देवळात बसलाय! तर असं दुखलं की काय करावं — त्याचं ते बंद पाडावं, की उठून आपण ते करावं? सोपं वाटतं? मग त्रिंबकपंतांचं काय झालं ते ऐका.

देवरुखचे त्रिंबकपंत लिमये, निवृत्त पोस्टमास्तर. मिशा अशा, की आमच्या पेटीवाल्या भाऊंनी बघूनच सूर सोडावा! बायको मनोरमाबाई. सत्तरी आली आणि बाईंना स्मृतिभ्रंश जडला. आधी गॅसवरचं दूध विसरल्या, मग मुलाचं गाव. आणि एका सकाळी पंतांनी चहा पुढे ठेवला, तर म्हणतात कशा — "छान झालाय हो! आमचे हे आले की सांगते, गडी चांगला मिळालाय!"

हसता काय? पंतांना विचारा कसं वाटलं ते!

पण एक नाव बाई विसरेनात. वच्छी! म्हणजे शेजारच्या वत्सला मोडक, मंगळागौरीच्या खेळांतली जुनी जोडीदारीण. त्या रोज सकाळी मनोरमाबाईंना आपल्या अंगणात नेत. झिम्मा खेळायचा, टाळ्या द्यायच्या, हळूहळू फुगडी धरायची. बाई घरी येत त्या घामाघूम, गाल लाल, आणि तोंडात एकच — "वच्छीने मला फिरवलं! वच्छी असं म्हणाली!"

पंत आतल्या आत जळत. "तुझं पथ्य मी सांभाळतो, वेणी मी घालतो — आणि नाव तिचं?"

आता नवऱ्याला परपुरुषाचा मत्सर वाटतो, हे आपण ऐकलंय. इथे मत्सर कुणाचा? गुडघ्याला पट्टा बांधून फिरणाऱ्या मोडकबाईंचा!

एक दिवस पंतांनी फाटकाला कडी घातली. "वत्सलाबाई, उद्यापासून नको. पडली-बिडली तर?"

"मी धरते की घट्ट."

"धरायला मी आहे!"

"धरता कुठे? खुर्चीत तर बसवता!"

बसवलंच! उशी दिली, शाल दिली, टीव्ही लावून दिला. सुरुवातीला बाई फाटकाकडे बघत — "वच्छी आली का?" पंत म्हणत, "नाही." पुढे विचारणं थांबलं. दिवसा डुलक्या, रात्री टक्क जागं. शब्द सापडेनात. आणि एकदा न राहवून वत्सलाबाईंनी फाटकापाशी येऊन हाक मारली — "मने!" मनोरमाबाईंनी बघितलं, आणि नजर फिरवली. ओळखच नाही!

जिंकलात, पंत! आता ती वच्छीची नाही. तुमचीही नाही. कुणाचीच नाही!

पंत घाबरले. तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणजे नातीच्या वयाची मुलगी. तिने विचारलं, "आजींचं चालणं-फिरणं किती?"

"छे! संपूर्ण विश्रांती देतोय!"

तिने पेन खाली ठेवलं. "आजोबा, मेंदूत दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला एकेक भाग असतो, समुद्रघोड्यासारखा वळलेला. हिप्पोकॅम्पस. नवी आठवण तिथे धरली जाते, आणि या आजारात तोच भाग लवकर सुकायला लागतो. माणूस हलला, थोडा दम लागला, की मेंदूकडे रक्त जास्त जातं. स्नायू रक्तात काही द्रव्यं सोडतात. त्यांचा निरोप पोचला की मेंदूत बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढतं. ते पेशींचं खत समजा. त्याने पेशी तगतात, एकमेकींशी नवे सांधे जोडतात. मेंदूतला दाहही कमी होतो."

बघा मंडळी! बाहेर दोन म्हाताऱ्या हात धरतात, आणि आत पेशी पेशींचे!

"म्हणजे ती बरी होईल?" पंत.

"नाही. आजार पुढे जाणारच. व्यायामाने तो कदाचित सावकाश जाईल, एवढंच मी सांगू शकते. तुम्ही मात्र त्यांना बसवून ठेवून त्याची वाट मोकळी करून दिलीत."

आता तरी वठणीवर यावं ना? पण मत्सर असा सुटतोय थोडाच! पंत म्हणतात, "ते खत सुईतून द्या की! म्हणजे त्या बाईंकडे जायला नको."

डॉक्टरीण हसली. "पळणाऱ्या उंदरांच्या रक्तातला द्राव बसून राहिलेल्या उंदरांना दिला, आणि त्यांची स्मरणशक्ती सुधारली, असे प्रयोग झालेत. पण ते उंदीर, आजोबा! माणसाला अजून स्वतःच हलावं लागतं."

पंत परत आले ते थेट मोडकांच्या अंगणात.

"वत्सलाबाई, मला फुगडी शिकवा."

"तुम्हाला? आधी मिशांना पिना लावा!"

"थट्टा करा हवी तेवढी. तिला खेळवा. पण मीही खेळणार. तुम्ही एकट्या नाही!"

मत्सर गेला का हो? छे, तसाच! फक्त त्याला आता पाय फुटले.

दुसऱ्या दिवशी सगळी आळी कुंपणाशी. पंतांनी धोतर खोचलं, बायकोचे थंड, सैल हात धरले. वत्सलाबाई ओरडतायत — "पाय जवळ घ्या! आणि तोंडाने फू करा, फू!" पोस्टमास्तर फू करतायत! लोक हसून लोळले. पंत थांबले नाहीत. त्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. काही सकाळी बाई नुसत्या उभ्या राहत. काही सकाळी एखादी टाळी देत.

आणि पावसाने उघडीप दिलेल्या एका सकाळी त्या हातांनी पंतांना ओढलं. बाई फिरल्या, हसल्या, दमल्या. पंतांकडे निरखून बघत म्हणाल्या, "तुम्ही इथे रोज येता का हो?"

"येतो."

"मग उद्या जरा लवकर या. ही वच्छी बाहेर यायच्या आधी."

वत्सलाबाईंनी असं नाक मुरडलं! आणि पंत? नवरा म्हणून ओळखलं नव्हतं हो तिने. तरी पाठ फिरवून उपरण्याने डोळे पुसत उभे राहिले.

आता तुमच्याकडे येतो. सुटका नाही! शेजाऱ्याच्या गाडीवर जळता, बंगल्यावर जळता. सकाळी तो चालायला जातो, त्याच्या पायांवर कधी जळलात? आणि 'पडेल, पडेल' म्हणत घरी कुणाला खुर्चीत बसवून आलात? काळजी म्हणून, की आपल्याला हात धरून चालायचा कंटाळा म्हणून? ज्याचं त्याने मनात उत्तर द्या, मला नको.

इतका वेळ मी उभा, तुम्ही बसलेले. चला, उठा! शेजारी म्हातारं माणूस असेल तर त्याला हात द्या. आरती उभ्यानेच म्हणायची असते!