कडेचा रंग

—नाही ताई, डाग नाही तो. पुसू नका, पुसून जायचा नाही. रंगाखालचा पांढरा प्रायमर आहे. बॉनेटच्या कडेला, बोटभर—बरं, दोन बोटं म्हणा. रंग गेला तिथला. माझ्याच हातानं गेला, उगाच दुसऱ्यावर कशाला ढकलू? बसा ना. त्या स्टुलावर नको, ओलं आहे, इकडे बसा. गाडी आणलीत तेव्हा कशी होती आठवतंय ना? मरून रंगाची म्हणायची लाज वाटावी इतकी विटलेली, टपावर तर खडू फासल्यासारखी. आता बघा, दारात तोंड दिसतं तुमचं. पार नवी झाली होती—ती एक कड सोडली तर.

कशी गेली म्हणजे—सांगतो. जुना रंग आहे हा, याच्यावर काचेसारखा वेगळा थर नसतो. पॉलिशच्या मशीननं घासलं की रंगच त्याच्या पॅडवर येतो, पॅड लाल होतो. वरची मेलेली साय निघाली की खालचा जिवंत रंग दिसतो. पण तो असतो किती? कागदाएवढाही नाही. आणि जिथं पत्रा वळतो तिथं त्याच्या निम्मा. म्हणून आधी कडांना टेप लावायची, मगच मशीन. हा पहिला धडा. दादानं शिकवला—माझा थोरला भाऊ, त्याचंच गॅरेज हे. सव्वीस वर्षांत कधी चुकलो नाही, आणि नेमका तुमच्या गाडीला विसरलो. माणूस आहे, चुकतो.

पण त्याला दोन आठवडे कशाला, असंच ना? खरं सांगू, गाडी चौथ्या दिवशीच झाली होती. मग दादाला दाखवली. ती पडद्याची खिडकी आहे ना, तिच्यामागे बसतो तो. दहा पावलं चालला की दम लागतो—छाती कामातून गेली, रंग मारून मारून. तेव्हा आमच्यात मास्क एकच होता. ‘तू लहान आहेस, तू घाल,’ म्हणायचा. मी घालायचो. वाटायचं, थोरला आहे, त्याला काय होतंय... असो. तर तो तपासतो कसा—हाताला प्लॅस्टिकची पिशवी चढवतो आणि पत्र्यावरून फिरवतो. पिशवीतून बारीक कणसुद्धा बोटाला कळतो. फिरवली आणि म्हणाला, ‘अजून खरखर आहे.’ कसली खरखर? माशी बसली तर घसरून पडेल! पण थोरल्याला उलट कोण बोलणार? पुन्हा घासली. दुसऱ्या दिवशी परत पिशवी, परत ‘खरखर आहे.’ असे दहा दिवस, ताई.

का म्हणजे? आता विचारलंतच म्हणून—मला नोकरी लागलीय. लांबच्या शहरात, मोठी कंपनी, रंग मारायला वाफ ओढून घेणारी बंद खोली, प्रत्येकाला आपापला मास्क. एक तारखेला हजर व्हायचं होतं. दादाला सांगायला जीभच रेटेना. शेवटी सांगितलं. चिडला नाही, रडला नाही. म्हणाला, ‘जा की. हातातली गाडी तेवढी पुरी करून जा.’ ती ही गाडी. गाडी झालीय हे त्याला कळत होतं, त्याला कळतंय हे मला कळत होतं—पण बोलणार कोण? तो पिशवी फिरवायचा, मी मशीन फिरवायचो. परवा तारीख गेली. काल फोन आला, सोमवारपर्यंत या म्हणाले. मी म्हटलं, गाडी बिघडलीय, कसा येऊ?

टेप? ही होय—ही मनगटात अडकवलेलीच असते, सवय आहे. त्या दिवशी? त्या दिवशीपण असेल. होती... हो, होती. मग विसरलो कसा? अहो, ऊन होतं, घाम येत होता—जाऊ दे, तुमच्याशी काय खोटं बोलू. कड समोर दिसत होती. मशीन तिथं आलं आणि मी उचललं नाही. रंग तापल्याचा वास आला, तरी उचललं नाही. पांढरं दिसलं तेव्हा—हसू नका—सुटल्यासारखं वाटलं. आता सगळं बॉनेट खरवडायचं, नवा रंग, सुकवायचा, जुन्याशी जुळवायचा, महिना कुठं गेला नाही. दादाला दाखवलं. त्यानं त्या पांढऱ्यावरून पिशवी फिरवली आणि म्हणाला, ‘हां, आता गुळगुळीत.’ दहा दिवस मी त्याच्या नावानं खडे फोडले, आणि शेवटी कडी आतून मीच लावली.

काय म्हणता? तशीच नेता? दोन बोटं पांढरं चालेल? नाही नाही, तशी कशी नेता! लोक विचारतील, कुणी केलं काम? कुणी विचारणार नाही म्हणता... अहो, पण ही गाडी गेली तर मी इथं थांबू कशासाठी? म्हणजे—तसं नव्हे. चावी ना? चावी सापडत नाहीये. खिशात? खिशात टेपचे तुकडे आहेत नुसते. दादाकडे असेल—नको, त्याला नका विचारू.

ऐकलंत? काठी आपटतोय. मशीन थांबलं की आपटतो, मी निघालो की काय म्हणून. आलो रे दादा! इथंच आहे मी, इथंच! —सरका जरा ताई, वायर आहे पायात. सोमवारनंतर या. महिन्यानं या. बघता काय? मशीन गाडीला नाही लावत, हवेतच धरलंय. आवाज तिकडे पोचला की झालं. या तुम्ही.