सकूच्या पत्राचं उत्तर

पत्रलेखन शिकवण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. दौलताबादच्या शाळेत चौथीच्या पोरांना मी खरी पोस्टकार्डं वाटायचे आणि म्हणायचे, "समोर बसून बोलल्यासारखं लिहा."

धनगराच्या सकूनं मेंढरं घेऊन जालन्याकडं गेलेल्या बापाला लिहिलं, "दादा, पुढल्या साली मला मेंढरामागं नेऊ नको. मला शाळा शिकायचीय."

पत्ता विचारला, तर म्हणाली, "बाई, पत्ता नाय. मेंढरं चरतील तिथं."

त्यांचा मुक्काम दरसाल ज्या गावी पडायचा, तिथल्या किराणा दुकानाचा पत्ता मी घातला.

महिन्याभरानं बाप कार्ड घेऊन वर्गाच्या दारात उभा.

"बाई, दुकानदाराकडून वाचून घेतलं. जबाब लिहून द्या."

"अहो, सकू समोरच बसलीय. बोला की."

"नाय. लेकीनं लिहून विचारलंय, तर जबाबबी लिहूनच जाईल."

मी कोरं कार्ड घेतलं. तो सांगू लागला, "लिहा. सकू, तुला शाळेतून काढत नाय."

खाली अंगठा उमटवून तो कार्ड पोस्टात टाकायला गेला. सकूनं सगळं ऐकलं होतं. तरी पोस्टमन येईपर्यंत तिनं कुणाला काही सांगितलं नाही.