‘इंडियन नकोत’ म्हणणारे आपण

मराठी मंडळाचे अध्यक्ष आदरणीय श्रीनिवासराव, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, ज्यांच्या खांद्यावर आत्ताच आपण शाल घातली त्या आमच्या अरुणाताई, आणि रविवारची दुपार मोडून आलेल्या बंधुभगिनींनो,

माईक देताना कार्यवाह राधिकाताई हळूच म्हणाल्या, “ऋचा, गोड बोल हं. वाद नको.” प्रयत्न करते.

अरुणाताई पेशाने अकाउंटंट. पण रंग किंवा वंश बघून ज्यांना घर नाकारलं जातं, त्यांच्यासाठी त्या आठ वर्षं इथे सिंगापुरात भांडल्या. “आमच्या समाजकार्यकर्त्या” असं त्यांच्याविषयी मघाशी इथे म्हटलं गेलं. आमच्या? कधीपासून?

गेल्या वर्षी मी आणि माझी मैत्रीण कयल खोली शोधत होतो. नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात आम्ही दोघी नर्स. कयल तमिळ, तिची आजीसुद्धा सिंगापूरमध्येच जन्मली. क्वीन्सटाउनच्या एका फ्लॅटमधली खोली आवडली. एजंट म्हणाला, “Sorry lah, owner very particular. No Indians.” कयल हसली. म्हणाली, “I born here, you know. Still Indian ah?”

मी अरुणाताईंना फोन केला. त्यांनी एजंटकडून मालकाचं नाव काढलं. नाव मराठी निघालं. आपल्याच मंडळाचे सभासद! नाव घेत नाही. आजचे लाडू त्यांच्याकडूनच आहेत.

ताईंनी माझ्यासमोर स्पीकरवर फोन लावला. “खोली आहे म्हणे तुमच्याकडे?”

“आहे की! आपल्या माणसाला नाही कसं म्हणीन?”

“पण जाहिरातीत ‘इंडियन नकोत’ लिहिलंय.”

“अहो, ते आपल्यासाठी नाही! ते… त्यांच्यासाठी. दोघी येऊन गेल्या, एजंट म्हणाला. तुमच्या त्या मराठी मुलीला देतो की. दुसरी नको. एकदा बघितलं की कळतं ना हो.”

काय कळतं? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पुण्यात खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकीण माझं आडनाव ऐकून म्हणाली, “आत्ताच दिली.” तेच इथे विमानाने आलं, पासपोर्टवर शिक्का मारून घेतला आणि फ्लॅटचं मालक झालं. चिनी मालकाने आपल्याला नाकारलं की तो वंशवाद. आपण कयलला नाकारलं की ती आवडनिवड?

मी ती खोली घेतली नाही. कयल अजून आंग मो किओ भागातल्या बहिणीच्या हॉलमधल्या सोफ्यावरून ड्यूटीला येते.

मग मंडळाच्या वार्षिक सभेत अरुणाताईंनी साधा ठराव मांडला: वंश, भाषा किंवा जात बघून घर नाकारणारी जाहिरात आपल्या भाड्याच्या घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चालणार नाही. मी तेव्हा सभासद नव्हते, मागे पाहुणी म्हणून बसले होते. अध्यक्षांनी विचारलं, “अनुमोदक?” भरलेला हॉल, आणि एकही हात नाही. कुणीतरी पुटपुटलं, “आपण इथे पाहुणे, कशाला नसती भानगड.” अध्यक्ष म्हणाले, “सूचक आहेत, अनुमोदक नाही. मिळाला की बघू. चला, चहा घेऊ.”

त्या सभेचा व्हिडिओ ताईंच्या ऑफिसात पोचला. कुणी पाठवला, मला ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे ते इथे बसलेत. कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. त्यावरच मिळालेला इथे राहायचा पास संपतोय. शनिवारी त्या कायमच्या भारतात चालल्या. त्या गेल्या की ठरावाला सूचकही उरणार नाही. त्याचीच वाट बघत होतो का आपण? म्हणून का शाल इतकी भारी आणली?

ताई, तुम्ही डोळ्यांनी “पुरे” म्हणताय, दिसतंय मला. पुरे नाही.

श्रीनिवासराव, गेल्या महिन्यात मी मंडळाची रीतसर सभासद झाले. सूचक शनिवारपर्यंत इथे आहेत. अरुणाताईंच्या ठरावाला मी, ऋचा, अनुमोदन देते. आज निरोपाचा कार्यक्रम आहे, सभा नाही, हे तुम्ही सांगाल. मग उद्या सभा बोलवा, परवा बोलवा. पण शुक्रवारच्या आत बोलवा. हात वर करायचा की नाही, ते प्रत्येकाने ताईंच्या समोर बसून ठरवावं.

मला बोलू दिलंत, त्याबद्दल मंडळाची मनापासून आभारी आहे. लहान तोंडी काही जास्त गेलं असेल तर मला माफ करा. ठराव मात्र जास्तीचा नाही. अध्यक्ष महाराज, तारीख सांगता? मी माईक धरून उभी आहे.