माझ्या बापाचा निर्जळी उपास

तुमी हसाल, पण मले हे सांगताना आजबी लाज वाटते. साबणाच्या एका कंपनीनं विक्रीच्या पैशातून अनसिंगकडच्या आमच्या गावात पाण्याचं फिल्टर बसवून दिलं. उद्घाटनाले पुण्याहून एक ताई आली, हातात मोबाईल, शूटिंग चालू. तिनं गर्दीतल्या शोभाकाकूले पुढं बोलावलं.

"पहिला ग्लास तुम्ही भरा आणि या काकांना द्या."

शोभाकाकू बौद्धवाड्यातली, अन् ते काका म्हणजे माझा बाप. मी कॉलेज सोडलं तेव्हा, "तुह्यापायी मले तोंड दाखवाले जागा नाही राह्यली," म्हणणारा.

काकूनं ग्लास पुढं केला. बापानं हात मागं घेतला.

"मले उपास हाय."

बाजूच्या म्हाताऱ्यांनाही लगेच उपास लागला.

ताईनं भोळेपणानं विचारलं, "उपासाला पाणी चालत नाही?"

"निर्जळी हाय," बाप म्हणे.

काकूनं तो ग्लास सगळ्यांसमोर स्वतःच पिऊन टाकला. मग शांतपणे म्हणाली, "भाऊ, नाश्त्याचे पोहे मिशीत अडकले हायेत. शूटिंगमंदी दिसून राह्यले."

अन् माझ्या बापानं, साऱ्या गावासमोर, मिशी पुसली.