घोडीचंबी नाव हाय

(अहमदपूर. रस्त्याकडेला खाजाचं दगडकामाचं दुकान. गुरम्मानं पाट्याला टाकी लावायला आणलीय. नवरा संगप्पा एका कोरीव दगडापुढं थांबलाय.)

संगप्पा : एवढ्या ओळी? एका माणसाच्या?

खाजा : गोऱ्याच्या कबरीचा दगड हाय, संगप्पाभाऊ. तुमच्या गावच्या गढीखाली पुरलाय ना, हॉलोवेसाहेब. जुना दगड फुटला. त्याच्या खानदानीतल्यांनी विलायतेहून कागद पाठवला. तसंच्या तसं कोरून राहिलो.

संगप्पा : म्हाईत हाय. मागल्या महिन्यात आलते ते. सरपंचानं हार घातले, कबरीवर फुलं वाहिली. मी बाभळीखाली हुबा. वाच बरं, काय काय केलं बहाद्दरानं?

खाजा : माझ्या पोरानं, फैजाननं, मराठी करून दिलंय. "बाप पाणचक्कीवाला. एकोणिसाव्या वर्षी जहाजात बसला. पहिल्या लढाईत एक डोळा गेला, तरी घरी परतला नाही. अठराशे अठ्ठावन्न साली गढीच्या भिंतीवर पहिला चढला, तीन बंडखोर कापले, मेडल मिळालं. महिन्याभरात पटकीनं गेला. वय सत्तावीस. मेडल आईकडं पोचलं." आन् शेवटी हे, "त्याची घोडी डेझी इथंच पुरली."

संगप्पा : घोडीचंबी नाव!

गुरम्मा : आवं, वरडताव कशाला?

संगप्पा : वरडू न्हाई तर काय करू? त्या तिघांतला एक माझा खापरपणजा. मागच्या दाराला पाठ लावून हुबा ऱ्हायला, म्हणून बायको तान्ह्या धोंडप्पाला घेऊन निसटली. आन् त्याचं काय लिवलंय? तीन! नुसता आकडा. आतडं जळतंय, खाजा. मारणाऱ्याच्या घोडीचा हेवा करायची पाळी आली माझ्यावर.

खाजा : ह्याच दगडाचा तुकडा उरलाय. कोरून देतो. नाव सांगा.

संगप्पा : तीच तर बोंब हाय! नाव म्हाईत असतं तर जळलो असतो कशाला? पणजा धोंडप्पा, तिथंच आमची वंशावळ सरली. त्याच्या आईनं मरेस्तोवर बापाचं नाव सांगितलं न्हाई.

गुरम्मा : सांगंल कशी? नवऱ्याचं नाव घेत असत्यात व्हय?

संगप्पा : तू तुझा पाटा बघ.

गुरम्मा : पाटाच बघून राहिले. आवं, आपल्यात थोरल्या नातवाला आजाचं नाव ठेवत्यात का न्हाई?

संगप्पा : ठेवत्यात. मंग?

गुरम्मा : मंग ती म्हातारी तुमच्या आजाला, म्हंजे तिच्या नातवाला, काय म्हणून हाक मारायची? सासूबाई सांगायच्या की.

संगप्पा : मालक म्हणायची. रांगत्या लेकराला मालक! सारं गाव हसायचं.

गुरम्मा : हसायला काय जातंय? नातवाचं नाव तोंडात घ्यायची सोय नव्हती तिला.

खाजा : या अल्ला! भाऊ, आजाचं नाव काय तुमच्या?

संगप्पा : ...माझंच.

खाजा : घ्या! दीडशे वर्सं नाव घेऊन फिरून राहिले तुम्ही, आन् घोडीवर जळताव. पण भाभी, जित्या माणसाचं नाव कबरीच्या दगडावर कोरू का? तुम्हाला चालंल?

गुरम्मा : न्हाई चालायचं. माझं कुंकू हाय त्या नावावर.

संगप्पा : म्हंजे पुन्हा गोराच जितला. चल, उचल पाटा.

गुरम्मा : थांबा जरा. ...खाजाभाई, नावाखाली लिवा, मागच्या दाराला हुबा होता. मंग देवालाबी कळंल, कोणता ते.

खाजा : वा, भाभी! नाव मोठं कोरतो. साहेबाचं बारीक हाय, ओळी लई झाल्या त्याच्या. सांगा, भाऊ.

संगप्पा : मी न्हाई. माझ्या तोंडानं माझंच कसं सांगू? तू सांग, गुरम्मा. शोधलंस तूच.

गुरम्मा : चाळीस वर्सं झाली. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच.

खाजा : छन्नी धरलीय, भाभी.

गुरम्मा : लिवा. संगप्पा. ...तुम्ही ओ देऊ नका.