तीन पक्ष्यांचा थवा

...तर चूक कार्डाची होती, आमच्या अण्णांची नव्हती, पण तुम्हाला सांगतो, हे कळायला आम्हाला पाच आठवडे लागले! अण्णा म्हणजे माझे वडील, छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक, दुसऱ्यांच्या चुका काढायची नोकरी, आणि घरी आल्यावर तेच काम हौसेने. लहानपणी मी जेवताना म्हणालो, 'पक्ष्यांचा घोळका', की यांचा घास हातातच. "घोळका माणसांचा. पक्ष्यांचा थवा. हं, जेव आता."

आणि अशा माणसाला झटका आला नि वाचाच गेली हो. हातपाय महिन्याभरात वळणावर आले, शब्द मात्र... मग वाचा-उपचाराच्या बाई यायला लागल्या, मंगळवार-शुक्रवार, स्वभावाने अगदी गोड, पण त्यांच्याकडे ती चित्रांची कार्डं. गुरं दाखवली, अण्णा घाम पुसत म्हणाले, "क...ळप." फुलं, "गुच्छ." किल्ल्या, "जुड...गा." मग ते कार्ड. निळं आभाळ, त्यात तीन पक्षी. अण्णा गप्प. बाई लाडाने, "आजोबा, थ... थ... म्हणा बघू?" अण्णा भिंतीकडे बघतायत. बाईंनी वहीत फुली मारली. शुक्रवारी पुन्हा फुली. पुढच्या मंगळवारी पुन्हा. चूक कार्डाची, आणि फुली कुणाला?

पण तेव्हा कुणाला ठाऊक होतं? आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "अरे, यांना थवासुद्धा आठवत नाही रे." आणि मी, पन्नाशीचा माणूस, रस्त्याने जाताना वर पाखरं दिसली की मान खाली घालून चालायचो.

पाचव्या आठवड्यात दहावी फुली मारून बाई हळूच म्हणाल्या, "आता यापुढे फार सुधारणा होईल असं वाटत नाही. मनाची तयारी ठेवा." हे अण्णांच्या समोर! अण्णांनी धडधाकट हाताने ते कार्ड ओढून घेतलं, एकेका पक्ष्यावर बोट टेकवलं.

"तीन," अण्णा म्हणाले. "थवा... नाही."

बाईंनी विचारलं, "मग थव्याला किती लागतात, आजोबा?"

तुम्हाला सांगतो, मला वाटलं, आता अडकणार. अण्णांनी डोळे मिटले, ओठ दोनदा नुसतेच हलले, आणि मग एकेक शब्द उचलून ठेवावा तसे म्हणाले, "मोजता... आले... तर... थवा नाही."

बाईंनी वही काढली आणि दहाच्या दहा फुल्या खोडल्या. आई भिंतीला टेकून रडत होती. शब्द गेलाच नव्हता हो, खोटं बोलायला तो तयार नव्हता, इतकंच.

तेव्हापासून अण्णा सुधारतायत. पहिलं पूर्ण वाक्य आईच्या वाट्याला आलं, "भाजीत मीठ कमी आहे." आईने डोळे पुसत मीठ वाढलं. दुसऱ्या दिवशी "पोळी कडक आहे." तिसऱ्या दिवशी "चहा गार आहे." परवा मी बाईंना फोन लावत होतो, तर स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "त्यांना म्हणावं, आठवड्यातून एकदा आलात तरी चालेल."